गावाच्या कोटाचे तिसरे बटण

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे आणि माझी बटणे एकमेकांशी जुळत नाहीत. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. पाचांतले एकच बटण माझे जन्मापासूनचे आहे. बाकीची चार माणसांनी लावली आहेत आणि त्यांतल्या तिसऱ्यावर माझा फार जीव आहे.

सन एकोणीसशे एकवीस साली बेळगावच्या खासबागेतल्या परशराम शिंप्याने मला शिवले. आमचे गाव खानापूरच्या वाटेवर, बेळगावहून चार कोसांवर. गावातला रवळू सातवीची मुलकी परीक्षा पास झालेला पहिला मुलगा. मला घालून तो शाळाखात्याच्या कचेरीत गेला आणि मास्तर झाला. मग त्याने मला आपल्या आईच्या, रुक्माबाईच्या हाती दिले. "आये, गावातलं जे कोण पास हुईल, त्याला ह्यो घालाय दे."

रुक्माबाईने त्यात आपला एक नियम घातला. नोकरी लागली की कोट परत करायचा, माझे एक जुने बटण काढून आठवण म्हणून जवळ ठेवायचे आणि त्या जागी आपले एक लावायचे.

चौतीस साली शामू पास झाला. त्याच्यामागे घरी विधवा आई आणि दोन बहिणी होत्या, म्हणून मास्तरकी मिळणे फार गरजेचे होते. साहेबांची भेट बेळगावच्या कचेरीत. शामू सकाळपासून बाकावर बसून होता. माझ्या बाह्या त्याच्या घामाने भिजल्या. दुपारी शिपाई बाहेर आला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "साहेबरु बंदार."

शामूची सारी शाळा मराठीत झालेली. त्या घाबरलेल्या कानांनी 'साहेब बंद' एवढेच ऐकले. आज काम बंद असेल, असे समजून तो उठला, शिपायाला नमस्कार केला आणि चार कोस चालत घरी आला. मला बोलता येत असते तर मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढले असते.

दिवेलागणीला त्याने मला रुक्माबाईपुढे ठेवले. "साहेब बंद हुतं, काकू. माझं नशीबच न्हाय."

रुक्माबाईचे माहेर चिकोडीकडचे, म्हणून तिला कन्नड येई. तिने नीट विचारून घेतले, शिपाई नेमके काय बोलला ते. मग ती पोट धरून हसली. "आरं येड्या, बंदार म्हंजे आल्यात. साहेब आलं आन् तू गेलास."

शामू रडायच्या बेताला आला. "मला वाटलं, परत इचारलं तर ते म्हणतील, एवढं कळंना आन् मास्तर व्हाय आलाय."

तेव्हा रुक्माबाई जे म्हणाली, ते माझ्या अस्तरापर्यंत पोचले आहे. "कोट घालून मुकंच बसायचं आसंल, तर खुंटी काय वाईट हुती रं? ती बी कोट घालून गप बसती. उद्या जा आन् झालं ते सांग."

दुसऱ्या दिवशी शामूने सारे खरे सांगितले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "एकच जागा आहे, निपाणीजवळच्या खेड्यात. शाळा मराठी आहे, पण तिथली बरीच मुले घरी कन्नड बोलतात. त्यांचे बोलणे कळले नाही तर काय कराल?"

"त्यास्नीच इचारीन, साहेब," शामू म्हणाला. साहेबांनी त्याला तीन महिने बघू म्हणून घेतले.

पहिलीत कमला नावाची सहा वर्षांची जैन मुलगी होती. रोज सुटीत ती शामूला कन्नड शिकवायची आणि चुकला की कपाळावर हात मारून घ्यायची. नोकरी कायम झाली तेव्हा तिने आपल्या पोलक्याचे पांढरे बटण तोडून मास्तरांना दिले. तेच माझे तिसरे बटण. ते इतके लहान आहे की काजात राहतच नाही. माझ्या प्रत्येक उमेदवाराला ऐन कचेरीच्या दारात ते पुन्हा लावावे लागले.

मग बरीच वर्षे गावातले कोणी पास झाले नाही. मी खुंटीवरच राहिलो, कसरीच्या किड्यांनी माझा एक खिसा खाल्ला. पण यंदा, सत्तेचाळीस साली, शामू मास्तर एका मुलीला घेऊन दारात आले. कमला मॅट्रिक झाली होती आणि उद्या तिची त्याच कचेरीत भेट होती. रुक्माबाईला आता नीट दिसत नाही. तिने चाचपून मला खाली काढले, कमलाच्या लुगड्यावर घातले आणि माझ्या लांब बाह्या दुमडल्या. मी तिला ढगळ होतो, पण कोणी तसे म्हणाले नाही.

कमलाचे बोट तिसऱ्या बटणावर थांबले. "मास्तर, ह्ये माझं?"

"तुझंच की. आता सांग, तिथं काय कळलं न्हाई तर?"

"इचारीन," कमला म्हणाली.

रुक्माबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची ऊब मलाही लागली.

मित्रांनो, तुम्हीही आता शाळा-कॉलेज सोडून निघाला आहात. नवा कोट घ्या किंवा मागून आणा, माझी हरकत नाही. मला ऊन दाखवा, कसरीपासून जपा, एवढेच माझे मागणे. आणि जिथे कळणार नाही तिथे खुंटीसारखे उभे राहू नका. दारातून परत फिरण्याआधी एकदा विचारा. साहेब आलेले असतील.