सेव्ह झालेला तिसरा अंक

आमच्या टायपिंगच्या दुकानात वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे ओळ संपली की सेव्ह, स्वल्पविराम दिला की सेव्ह, शिंक आली तरी आधी सेव्ह आणि मग रुमाल, अशी माझ्या बोटांना सवयच जडली आहे. हे मला चिडवायचे, “बाई गं, तू कोरं पानसुद्धा सेव्ह करतेस!” करते! कुणाचा प्रबंध असो, कुणाचा अर्ज असो, माझ्या हातून आजवर कुणाची एक ओळ गेली नव्हती. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू.

हे म्हणजे माझे यजमान. नाटकं लिहायचे, आणि तीही उलटी. आधी शेवटचा अंक, मग पहिला, मग दुसरा. स्वतःच टाईप करायचे आणि झालं की हाताने लिहिलेले कागद फाडून टाकायचे, घरात रद्दी नको म्हणून. नाटक पुरं होईपर्यंत शेवट कुणाला म्हणून ऐकवायचे नाहीत. मी हात धुऊन मागे लागले तरी नाही. “थांब की जरा,” म्हणायचे आणि मिश्कील हसायचे. अस्सा राग यायचा मला!

हे नाटक पुरं झालं आणि त्याच आठवड्यात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हो, नाही, झालं आणि असं, एवढेच शब्द उरले. समजतं मात्र सगळं. वाचेचे व्यायाम घ्यायला एक बाई येतात, त्या म्हणाल्या, “ह्यांनी लिहिलेलं काही असेल तर रोज मोठ्यानं वाचा. ओळखीचे शब्द कानावर पडले तर कदाचित परत येतील.” त्यातलं ‘कदाचित’ मी सोयीस्करपणे ऐकलंच नाही.

नाटक पेन ड्राईव्हवर होतं. मी लॅपटॉप घेऊन ह्यांच्या पलंगाशी बसायला लागले. लिहायचा प्रोग्राम आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी बनवलेला. बरीच टायपिंगची दुकानं तोच वापरतात. पहिला अंक वाचला तेव्हा हे स्वतःच्याच विनोदावर हसले, लबाड कुठले! दुसऱ्या अंकात तर माझ्याबरोबर ओठ हलायला लागले. आवाज नाही, पण ओठ बरोबर त्या त्या शब्दावर. मी वाचता वाचता रडत होते आणि रडता रडता वाचत होते.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक शब्द चुकून दोनदा पडला होता. माझ्यातली टायपिस्ट गप्प बसते होय? एक खोडला, बोटांनी आपसूक सेव्ह केलं, खाली हिरव्या अक्षरात आलं, ‘सेव्ह झालं’.

“आता शेवट हं,” मी म्हटलं. “इतकी वर्षं ताटकळत ठेवलंत मला.”

“हो,” हे म्हणाले. उशीवरून मान उचलून बघत होते.

मी मजकूर खाली सरकवला. तिसऱ्या अंकात अक्षरच नव्हतं. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, त्यापुढे प्रश्नचिन्ह, पानंच्या पानं तेच. मधल्या मोकळ्या जागा आणि पूर्णविराम तेवढे जागच्या जागी होते. वाक्य कुठे संपतं ते दिसत होतं, वाक्य नव्हतं.

“जरा दूध बघून येते,” असं म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले आणि भाऊजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काही हरकत नाही वहिनी, निघेल. फक्त सेव्ह करू नका. केलं नाहीत ना?”

मी दुधाखालचा गॅस बंद केला.

“वहिनी?”

“केलं.”

“आलोच,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तासाभरात आले. ह्यांच्याशी दोन शब्द बोलले आणि स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले. जुनी प्रत शोधली, पेन ड्राईव्हच्या पोटात काही उरलंय का ते खरवडून बघितलं. चहा निवला, मी दुसरा केला, तोही निवला. शेवटी चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, “नाही हो. त्याच जागेवर लिहिलं गेलंय.”

“म्हणजे काय झालं ते मला कळेल असं सांगा.”

“तिसरा अंक दादानं जुन्या मशीनवर लिहिला होता, तो कॉम्प्युटर तर केव्हाच भंगारात गेला. त्या मशीनची अक्षरांची आतली खूण वेगळी. बाकीचे दोन अंक नव्यावर. सगळं त्यानं माझा प्रोग्राम न उघडताच एका फाईलीत जोडलं. माझ्या प्रोग्रामला जुन्या खुणा कळल्या नाहीत, म्हणून त्यानं तिथे प्रश्नचिन्हं दाखवली. तोवर फाईल धडधाकट होती. सेव्ह करताना त्यानं ती प्रश्नचिन्हंच खरी म्हणून लिहून टाकली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दातओठ खात हळू बोलले, “आणि मला विचारलं नाही? हिरव्या अक्षरात वर तोंड करून सांगतो, सेव्ह झालं? काय डोंबल सेव्ह झालं?”

“आधी विचारायचा,” ते म्हणाले. “अमुक मजकूर कळत नाही, सेव्ह करू का? लोक वैतागायचे. सारखी मध्ये मध्ये खिडकी येते, काढा ती, म्हणायचे. मी काढली. काढायला नको होती. न कळलेलं जसंच्या तसं ठेवायला हवं होतं. नाहीतर सरळ वेगळी प्रत करायची, नाहीतर सेव्ह करायलाच नकार द्यायचा. मला हे माहीत होतं, वहिनी. करू सावकाश, म्हटलं.”

“आता सांगा ते भिंतीला,” मी म्हणाले, आणि लगेच जिभेवर निखारा ठेवावासा वाटला. ओट्याला टेकून तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडत होता. त्यांचाही भाऊच ना तो. मी पाठीवर हात ठेवला. तो दुबार पडलेला शब्द राहू दिला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं? आधी एकदा खाली सरकवून बघितलं असतं तर? हे विचार अजून माझी पाठ सोडत नाहीत.

भाऊजी त्याच दिवशी प्रोग्राम दुरुस्त करायला गेले. मी लॅपटॉप घेऊन ह्यांच्यापाशी आले. वाटेत ठरवलं होतं, दोन थापा मारायच्या, दिवस ढकलायचे. पण ह्यांनी बघितलं आणि माझं अवसानच गळालं.

“तिसरा अंक गेला हो,” मी म्हटलं. “पुसला गेला. माझ्या हातून.”

ह्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला, ओढून लॅपटॉपवर ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. मला कळलं. सगळं तिथे होतं. मी नवीन पान उघडलं.

“सांगा,” मी म्हटलं.

ह्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. “असं,” म्हणाले. “असं असं, असं.” आवाज चढला, उतरला. एका पात्रानं विचारलं, दुसऱ्यानं तोडून टाकलं. एका जागी थांबले, प्रेक्षक हसतील तेवढंच, आणि पुढे निघाले. पुढे कुणीतरी कुणाची तरी माफी मागत होतं, इतक्या हळू आवाजात की मला हुंदका आवरेना. डाव्या हातानं दार उघडलं, कुणालातरी निरोप दिला. अख्खा अंक सांगितला त्यांनी मला, माझी बोटं कीबोर्डवर तशीच, आणि शब्द एकच, असं. ह्यांना स्वतःच्या कानांनी काय ऐकू येत होतं देव जाणे. चेहऱ्यावर मात्र लिहून झाल्यावर यायचं तेच समाधान होतं.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणाले. “सगळं उतरवलं.”

त्यांनी मान मागे टेकली, डोळे मिटले आणि मी वाचून दाखवीन म्हणून ते वाट बघत राहिले.