कुरकुरणारी फळी

आमच्या घरामागे डेक आहे. हसू नका, कामतघरला कापडाच्या लूमच्या खडखडाटात कोणाच्या घराला डेक असतो, हे मलाही ठाऊक आहे. गल्लीतले त्याला मचाण म्हणतात. पण आमच्या ह्यांनी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या भाऊंनी, तीस वर्षांपूर्वी पाडल्या जाणाऱ्या एका कारखान्याचे सागवानी वासे आणले, त्यांच्या फळ्या चिरून घेतल्या आणि मागच्या उतारावर स्वतः ठोकल्या. बोटीवर असतो तसा डेक, म्हणाले. बोटीत बसले होते एकदाच, मांडव्याला जाताना, आणि तेव्हाही उलट्या काढल्या होत्या.

आता ह्यांचं वय त्र्याहत्तर आणि डोळ्यांत काचबिंदू. उजव्या डोळ्याने काहीच नाही, डाव्याने उजेड की अंधार तेवढं कळतं. घरात, रस्त्यावर, दवाखान्यात मी हात धरते. धरू देतात, पण अंग ताठ करून. फक्त डेकवर ते एकटे जायचे. सकाळी साडेसहाला मागचं दार उघडायचं, चपला काढायच्या, अनवाणी पंधरा पावलं चालायची, डावीकडे वळून आपल्या खुर्चीत बसायचं. मागून मी चहा घेऊन शेजारच्या खुर्चीत टेकले की लगेच, "आलीस?" मला वाटायचं, चला, अजून थोडंफार दिसतंय. दिवसभरात तेवढं एकच काम त्यांचं माझ्याशिवाय व्हायचं आणि त्याची ऐट दुपारपर्यंत पुरायची.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या कामवाल्या गुणाबाई डेक झाडत होत्या आणि एक फळी खचून त्यांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. "बाई, ह्यो आतून पोकल हाय सगला!" त्या ओरडल्या. त्यांना फार लागलं नाही, पण सकाळी त्याच फळीवरून हे गेले होते.

मी सुगतला बोलावलं. मी शाळेत शिकवायचे तेव्हा सुगत चौथीला माझ्या वर्गात होता. आता जवळच्या पूर्ण्याच्या गोदामांना माल ठेवायची लाकडी पॅलेट बनवून देतो, पण मूळचा हाडाचा सुतार. त्याने पटाशीने रंग खरवडायला घेतला. वर हिरवा, त्याखाली विटकरी, त्याखाली निळा, पुन्हा हिरवा. तो हसायला लागला.

"बाई, हे कोणी केलं?"

"मी. दर वर्षी गणपतीच्या आधी ऑइल पेंटचा हात मारते. घर चकचकीत नको?"

"वरून चकचकीत झालं खरं. पण फटीतून पाणी आत गेलं की रंग त्याला बाहेर पडू देत नाही. लाकूड आतल्या आत कुजलं. सागवान होतं म्हणून इतकी वर्षं टिकलं. याला नुसतं जवसाचं तेल पाजायचं, वर्षातून दोनदा. बस."

कपाळ माझं! बावीस वर्षं मी कंबर मोडून, गुडघे टेकून तो डेक कुजवत होते. मला भयंकर वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते, हा माझा जुना रोग. सगळा राग मी कामावर काढला. म्हटलं, "सुगत, आता असं कर की बघणाऱ्याने तोंडात बोट घातलं पाहिजे. एक खिळा वर दिसता कामा नये. खड्डे नकोत, गाठी नकोत, फटी सारख्या. आणि माझ्या खुर्चीखालची ती मेली फळी आधी घट्ट कर. बसलं की कुरकुरते. तीस वर्षं ऐकतेय."

"भाऊंना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांना दिसतंय का?"

हे दाराच्या आतच बसले होते. त्यांनी ऐकलं. रेडिओचा आवाज जरासा वाढवला. ते वाक्य मला आजही टोचतं.

आठ दिवस काम चाललं. कुजलेल्या सहा फळ्या काढून नवं सागवान बसवलं. बाकीच्या घासून घासून काचेसारख्या केल्या. नंतर तेलाचे तीन हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा, मग पुढचा. लाकडाचा मूळचा रंग बाहेर आला तेव्हा मी खरंच तोंडात बोट घातलं. पुण्याहून केदारने, आमच्या मुलाने, व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाला, "आई, रिसॉर्ट झालंय!"

काम संपल्यावर पहिल्याच सकाळी साडेसहाला ह्यांनी दार उघडलं. चपला काढल्या. दोन पावलं गेले, तिसरं उचललं, ते तसंच हवेत धरलं, आणि मागे आले. "छान झालंय," म्हणाले आणि आत येऊन पलंगावर बसले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दारही उघडलं नाही. मी म्हटलं, "चला, मी नेते," आणि हात धरला. "नको. इथंच दे चहा," म्हणाले. मग मात्र माझं टाळकं सटकलं. एवढा खटाटोप कोणासाठी केला, म्हटलं, माझ्या माहेरच्यांसाठी? रुसायला काय झालं? रंग काढला म्हणून रुसलात? त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते विरघळून कपात पडलं, तरी हातातला उरलेला तुकडा तसाच धरून बसले.

चौथ्या दिवशी मी रागारागाने एकटीच चहा घेऊन डेकवर जाऊन बसले. थोड्या वेळाने दार उघडलं. हे उंबऱ्यात उभे राहिले. दोघांमध्ये त्यांच्या पंधरा पावलांचं अंतर. मी मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, बघू या, आधी कोण बोलतं ते. ह्यांनी मान माझ्याकडे वळवली, मग माझ्यावरून पुढे नेली, कुंपणापर्यंत, आणि परत आणली.

"लता," हळूच विचारलं, "तू आहेस का गं तिथे?"

मी कप खाली ठेवला. एक वर्ष, दोन वर्षं, किती वर्षं माहीत नाही, मी बसले की "आलीस?" म्हणत होते ते मला बघून नव्हे. ती मेली फळी कुरकुरायची म्हणून.

"आहे," मी म्हटलं. 

ते आत गेल्यावर मी दारापाशी गेले, चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालायला लागले. पाचव्या पावलाला मला कळेना मी कुठे आहे. पायाखाली सगळं सारखं, गुळगुळीत. पुढे पायरी आहे की कुंडी की कुंपण, काही पत्ता नाही. डोळे उघडले तर मी भलतीकडेच, तुळशीच्या अंगावर जात होते. तिथेच फतकल मारून बसले आणि रडले. मला माझी इतकी चीड कधीच आली नव्हती. ज्या एका जागी माणूस माझ्या हाताशिवाय चालत होता, ती जागा मीच घासून सपाट करून घेतली होती.

अकरा वाजता सुगतच्या कारखान्यावर गेले. त्याला सगळं सांगितलं. तो पॅलेटवर खिळा ठोकता ठोकता थांबला. "तरी म्हटलं होतं बाई, भाऊंना विचारा," इतकंच म्हणाला. दुपारी हत्यारं घेऊन आला.

या वेळी ह्यांना विचारलं. ह्यांनी डेकच्या दारात खुर्ची मांडून घेतली आणि धडाधड सांगायला लागले. "चौथ्या फळीवर उजव्या पायाला गाठ लागायची. सातवीत खड्डा, चमच्याएवढा. अकरावीला खिळ्याचं डोकं, तिथून डावीकडे वळायचं. खुर्चीच्या अलीकडे फट रुंद, टाच बसेल इतकी." मी नुसती ऐकत राहिले. इतक्या कौतुकाने ते माझ्याबद्दल कधी बोलले नव्हते. सुगतने तशी गाठ बसवली, खड्डा कोरला, फट वाढवली. खिळा पायाला लागेल म्हणून मी कुरबुर केली, तेव्हा त्याने गोल डोक्याचा पितळी खिळा आणला. ह्यांनी पायाचा अंगठा त्यावर फिरवला. "अर्धं बोट उजवीकडे," म्हणाले.

हे आत गेल्यावर मी सुगतला बाजूला घेतलं. "माझ्या खुर्चीखालची फळी ढिली कर."

"म्हणजे?"

"कुरकुरली पाहिजे."

"बाई, मी सुतार आहे! लोक म्हणतील सुगतने काम बिघडवलं."

"लोकांना माझ्याकडे पाठव. कर म्हणते ना?"

त्याने दोन खिळे उपसले आणि मला बसायला सांगितलं. आवाज नाही. आणखी एक उपसला, खाली पाचर घातली. मी सहा वेळा बसले-उठले. सातव्या वेळी कुठे ती जुन्या सुरात कुरकुरली. सुगत कपाळाला हात लावून हसत होता.

दुसरा दिवस शुक्रवार, लूमच्या सुट्टीचा, गल्ली शांत. साडेसहाला दार उघडलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चौथी फळी, उजवा पाय थांबला, गाठ चाचपली, पुढे. सातवी. अकरावीला अंगठा पितळेवर टेकला आणि हे डावीकडे वळले. टाच फटीत बसली. हात पुढे गेला, खुर्ची सापडली, बसले. पाठ ताठ, तीच जुनी ऐट. मी पदराने डोळे पुसले, चहा ओतला आणि कप घेऊन गेले. एक शब्द न बोलता खुर्चीत टेकले.

फळी कुरकुरली.

ह्यांनी मान वळवली नाही. नुसता हात पुढे केला.

"आलीस?"

"आले," म्हटलं, आणि त्यांच्या हातात कप दिला.