ताकदीची गोळी

वडगाव रासाईच्या पुतळाबाईंचा फोन आला, तेव्हा मी कुठल्याशा तिसऱ्या सर्वेक्षणाच्या याद्या पुढ्यात घेऊन बसले होते. आशा सेविकेला गावात कुणी काहीही विचारतं, आणि वर तिनं ते हसून ऐकायचं असतं.

"अगं वैष्णवी, तुमच्या त्या मीरासाहेबाला झालंय तरी काय? सुनंच्या डोहाळजेवणाला बांगड्या भराया बोलावला, तर बांगडी हातातच फुटली. रगत आलं, आन् हा आपला पुढची चढवतोय! मी वरडले तवा थांबला."

मी कपाळाला हात लावला. मीरासाहेब मामा आमच्या केडगावचे, बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात उभी हयात गेलेली. बांगड्या भरताना ते मनगटाकडं बघतसुद्धा नाहीत. पंजा जरा दाबला की कोणतं माप जाईल आणि हाड कुठं अडेल, हे त्यांच्या बोटांना कळतं. त्यांच्या हातून रक्त निघालं म्हणजे काहीतरी बिनसलं होतं, आणि ते माझ्याच यादीतलं होतं. मामांना टीबी झालेला. औषधाचा चौथा महिना चालू होता आणि गोळ्या पोचवणारी मीच होते.

गेले तर मामा ओट्यावर बसलेले. गोळ्यांची पाकिटं त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

"घिऊन जा ही. बास झालं."

"मामा, आता दोनच महिने राहिलेत."

"खोकला गेला, वजन वाढलं, समदं खरं. पन आधी पायाला मुंग्या आल्या, मग तळव्यांची आग, आन् आता ही बोटं. बांगडी काचंची हाय का प्लास्टिकची, ते डोळ्यानं बघावं लागतंय. ह्या गोळ्यांनीच मारली माझी बोटं."

मुंग्यांचं त्यांनी मला मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. साखर आहे तुम्हाला, त्यानं होत असेल, असं म्हणून मी पुढच्या घरी निघून गेले होते. दमले होते, एवढंच कारण. आणि मामा बोलत होते ते खोटं नव्हतं. टीबीच्या एका औषधानं नसा दुखावतात, साखर असलेल्यांच्या तर जास्तच. म्हणून तर डॉक्टरांनी जोडीला एक छोटी गोळी दिली होती.

"मामा, ती छोटी गोळी रोज घेता ना?"

मामा आतल्या दाराकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ती रुबीला देतोय."

"सुनेला? का?"

"तूच म्हनलीस ना, ताकदीची हाय. म्हाताऱ्याला कशाला पाहिजे ताकद? तिला सहावा लागलाय, धड खातपीत न्हाई. आशाताईनं तुझ्यासाठी धाडलीय म्हनून सांगतो, की घेती गुमान."

मी तसं म्हणाले होते. नसा, जीवनसत्त्व, हे सगळं घरोघरी समजावत कोण बसणार? म्हणून सगळीकडं एकच सांगायचे, ताकदीची गोळी. मोठ्या गोळ्या मामांनी माझ्यासमोर गिळल्या की मी कार्डावर खूण करायची आणि चपला घालायची. छोटीकडं कधी पाहिलंच नाही. मला लाज वाटली. रागही आला, पण तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मोठ्या गोळ्या थांबवायच्या नाहीत, छोटीचा डोस वाढवू, उद्याच त्यांना घेऊन या, असं ते म्हणाले. रुबीला त्या गोळीनं काही अपाय नाही, हेही सांगितलं. बोटांची जाण परत येईल का, असं मी विचारलं. बऱ्याचदा येते, पण वेळ लागतो, आणि पूर्ण येईलच असं सांगता येत नाही, म्हणाले. मी मामांना जसंच्या तसं सांगितलं.

"चूक माझी आहे, मामा. नीट सांगायला हवं होतं मी."

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त पुढं वाकले.

"रुबीला बोलू नकोस ह्यातलं. माझ्यापायी अब्बांची बोटं गेली, असं तिच्या मनानं घेतलं तर? पोटुशी हाय पोर."

मी होकाराची मान हलवली.

"आन इकडं तुझी ती छोटी. घेतो तुझ्यासमोर."

आत रुबी भांडी लावत होती, मामांची नजर दारावरच होती. पिशवीतल्या नव्या पट्टीतून मी गोळी काढली आणि त्यांच्या पुढं केलेल्या बोटांवर ठेवली. हात तसाच राहिला.

"दे की," मामा म्हणाले.

"दिलीय, मामा."