अठ्ठावीस ग्रॅमची पिशवी

पाठीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली होती: प्रवासात पाठीवर दोन किलो, अधिक नाही. डोंगरात आठ दिवस राहून शेवाळाची छायाचित्रे काढण्याचा माझा बेत होता. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर आणला आणि प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाची चिठ्ठी चिकटवू लागलो. ही तंत्रनिकेतनातली सवय. न मोजलेल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही.

कॅमेरा ४१२ ग्रॅम. जवळून टिपण्याची खास लेन्स ६०४, म्हणून ती बाजूला ठेवली. तिच्याऐवजी १६० ग्रॅमची साधी लेन्स आणि तिच्यामागे बसणाऱ्या दोन पोकळ कड्या, ८८ ग्रॅम. कडीत काच नसते, नुसते अंतर असते. पण त्या अंतरामुळेच साध्या लेन्सलाही टाचणीच्या डोक्याएवढी वस्तू जवळून टिपता येते. बॅटऱ्या आणि चार्जर १५०. तिपाई ११८०.

"बसलं!" मी म्हणालो. "एक हजार नऊशे नव्वद."

बायको पलीकडे शिवणयंत्रावर होती. तिने मान वर केली नाही. "अहो, आणि पाणी? की तहान लागली की शेवाळ चोखणार?"

पाणी मोजलेच नव्हते. भरलेली बाटली ५८०.

"मग त्या तीन पायांच्या पाहुण्याला घरी ठेवा. पूर्वी कुठे लागायचा? श्वास रोखून हातावरच काढायचात की."

"हल्ली उजेड कमी पडतो."

"डोंगरातला?"

गेल्या हिवाळ्यापासून उजवा हात थरथरत होता. तिला सांगितले नव्हते. सांगितले तर जाणेच रद्द होईल, ही धास्ती. इतक्या जवळून केसभर कंपही चित्र पुसून टाकतो. तिपाई गेली की सगळेच गेले.

तिने दोरा तोडला आणि काट्यावर एक कापडी पिशवी ठेवली. तळहाताएवढी, तोंडाला चेन. "रिकामी न्यायची. तिथे पोचलात की तांदूळ भरायचे. दगडावर ही ठेवा, हिच्यावर कॅमेरा टेकवा. हलणार नाही."

"हलतो म्हणून तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बशीनं. रोज सकाळी चहा सांडतो आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून पुसता."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुमचं अजून मोजून झालं नसेल." ती हसली, पण डोळे भरले होते. "उद्या डॉक्टरांना हात दाखवायचा. ते नको म्हणाले नाहीत, तर परवा निघायचं. पिशवी काय उगाच शिवली?"

मी बेरीज मांडली. "पिशवी अठ्ठावीस, आतले तांदूळ साडेचारशे धरू. एकूण एक हजार आठशे अडुसष्ट."

"धरा."

चिठ्ठीवर २८ लिहिले. आठ वाकडा आला. अशा वाकड्या आकड्यांच्या चिठ्ठ्या मी इतके दिवस फाडून खिशात टाकत आलो होतो. ही चिठ्ठी तिच्यासमोर पिशवीवर चिकटवली.