फेट्याशेजारचा माणूस

या, असे जवळ सरकून बसा. हातातला फोन घटकाभर बाजूला ठेवा. एक कथा ऐकवायची आहे. ऐकताना घसा दाटला तर दाटू द्या, देवापुढं त्याची कसली आलीय लाज!

आखाती देशात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटात अण्णासाहेब मुला-सुनेजवळ राहत. वय ऐंशीच्या पुढं. देव्हाऱ्याशेजारी त्यांनी गावाहून आणलेला फोटो होता. त्यात दोन शिपाई. एक फेटेवाला, झुपकेदार मिशांचा, भुवईवर खोक असलेला. दुसरा टोपीतला, साधाच. फेटेवाले म्हणजे त्यांचे वडील रावजी. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले ते आलेच नाहीत. अण्णासाहेब तेव्हा पाळण्यात. आईही मागोमाग गेली. "फेटा दिसतोय ना, तो तुझा बाप," एवढं चुलत्यांनी दाखवलं; रावजी गेले तेव्हा तेही पोरच होते. झालं! जन्मभर त्या कपाळाला गंध, त्या गळ्याला हार. हार असा पडे की टोपीवाला अर्धा झाकूनच जाई. अण्णासाहेबांनी मिशीदेखील तशीच राखली. बाप म्हणून त्यांच्याजवळ तो चेहराच काय तो होता.

त्या शनिवारी नात इशिता शाळेचा तक्ता करत होती. युद्ध कोणी जिंकलं? रशियानं माणसं किती गमावली, अमेरिकेनं ट्रक नि जहाजं किती पाठवली, पोलंडचे, न्यूझीलंडचे, ब्राझीलचे शिपाई इटलीच्या डोंगरांत कसे लढले, सगळं चिकटवून झालं. एक चौकट उरली. तिथं ठेवायला इशितानं तो फोटो हार काढून आणला.

मैत्रीण कशफ म्हणाली, "माय ग्रेट-ग्रँडफादर वॉज देअर टू! पाकिस्तान फ्लॅग लगाओ."

"हॅलो! पाकिस्तान डिडन्ट इव्हन एक्झिस्ट!"

"तो? नाइदर डिड युअर फ्लॅग!"

अण्णासाहेब खदखदून हसले. सुलभा, त्यांची सून, स्वयंपाकघरातून ओरडली, "भांडण खलास! यल्ला, चला लवकर, थालीपीठ निवतंय!"

तेवढ्यात कशफला न्यायला तिची आजी आली. खैरुन्निसा. पाकिस्तानातल्या चकवालहून लेकीकडे नुकतीच आलेली. तिची नजर फोटोवर गेली आणि ती तक्त्याशेजारी खालीच बसली.

"ये तो मेरे अब्बा हैं."

"कौन? टोपीवाले?"

"नहीं भाईसाहब. पगड़ीवाले. फ़ज़लदाद."

अण्णासाहेब ताडकन उठले. "काय बोलताय! माझ्या घरात येऊन माझा बाप पळवता?"

"अण्णा, हळू..." सुलभानं बाहेर येऊन त्यांचा हात धरला.

खैरुन्निसानं फोन पुढं केला. तोच फोटो. मग दुसरा. तोच फेटेवाला, वयानं पोक्त झालेला. तीच भुवईवरची खोक, आणि मांडीवर छोटी खैरुन्निसा.

अण्णासाहेबांचा हात आपोआप मिशीवर गेला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. ऐंशी वर्षं! आपण कोणाला बाबा म्हणत होतो?

"ये टोपीवाले रावजी हैं," ती म्हणाली. "नदी पर अब्बा को गोली लगी थी. रावजी इन्हें खींचकर लाए. फिर दूसरे को लाने गए, और... अब्बा कहते थे, मैं रावजी की उम्र जी रहा हूँ. हमारे घर हर साल इनके लिए दुआ होती है, भाईसाहब."

इतकी वर्षं हाराआड राहिलेल्या त्या माणसाकडं अण्णासाहेबांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. ओळख काही पटेना. परका, अगदी परका. एक बाप हातचा गेला, दुसरा अजून मिळत नव्हता.

इशिता फोटोवर वाकली. "आजोबा... लुक. युअर इअर्स!"

टोपीखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, सुपाएवढे कान. ज्यांवरून गावातली पोरं अण्णासाहेबांना चिडवायची, "हे कुणाचे रे उचलून आणलेस?" घरात दुसऱ्या कुणाचे तसे नव्हतेच.

अण्णासाहेबांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडू लागले.

हार परत चढवला तो दोघांच्याही गळ्यांत, चेहरे मोकळे ठेवून. फजलदादच्या कपाळावरचं गंध त्यांनी पुसलं नाही. खैरुन्निसाही "रहने दीजिए" म्हणाली.

उद्या देवापुढं दिवा लावाल, तेव्हा एवढं करा मायबापहो. दुसऱ्याला आणायला परत नदीकडं गेलेल्या त्या मोठ्या कानांच्या रावजीची आठवण काढा.