हिंटरएगची उबदार खोली

मित्रांनो, आधी सौदा सांगते, मग माझी ओळख.

आत्मारामरावांना डोंगरावरचे एक अख्खे लाकडी घर जवळजवळ निम्म्या किमतीत मिळत होते, आणि खालचे उतरते कुरणही सोबत. बर्फावर घसरायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांसाठी गावाला लवकरच रोपवे होणार, ही बातमी त्यांना नेकारसुल्मच्या मोटारकारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने दिली होती. गावातल्या कितीतरी लोकांना ती अजून कळायची होती. म्हणजे आज निम्म्यात घ्यायचे, उद्या दुपटीने विकायचे. मध्ये एकच अडचण होती. घरासोबत चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाईही येत होती.

मी त्याच घरातली एक जुनी भट्टी आहे. लोखंडाची नव्हे, हिरव्या झिलईच्या मातीच्या फरशांची. दक्षिण जर्मनीच्या डोंगरांत, पार वरच्या अंगाला हिंटरएग नावाचे गाव आहे. खालच्या दरीतल्या एका कुंभाराने माझी एकेक फरशी भाजली, बैलगाडीत पेंढा घालून वर आणली आणि मला दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसवले. माझे तोंड बोळात, एक कूस दिवाणखान्यात, दुसरी मागच्या लहान खोलीत. लाकूड एकीकडे घालायचे आणि ऊब दोन्हीकडे मिळायची. माझ्याभोवती लाकडी बाकही होता. त्याच्यावर भिजलेले मोजे वाळले, आजारी वासरू निजले, लग्ने ठरली.

त्सेन्झीबाई या घरात नवरी होऊन आल्या तेव्हा मला पेटवायला त्यांच्या सासूने शिकवले. आधी काटक्या, मग देवदार, मग बीचचे जाड लाकूड. घाई केली की फरशी तडकते. त्यांनी कधी घाई केली नाही. पुढे नवरा गेला, दोन्ही मुलगे लढाईतून परतले नाहीत, छप्पर गळू लागले. १९५७ साली त्यांनी घर विकायला काढले. अट एकच होती. मरेपर्यंत मागची खोली आपली, आणि ती उबदार हवी.

असे करार त्या मुलखात सर्रास होतात. किंमत उतरते ती त्याचमुळे. घेणारा वरून म्हणतो, ‘आजीबाई, शंभर वर्षं जगा,’ आणि आतून म्हणतो, ‘बघू या.’

आत्मारामराव मूळचे सांगलीचे. हॅनोव्हरला डॉक्टरेट केली, मग कारखान्यात लागले. बर्फ म्हटला तर उसाच्या रसात घातलेला, एवढीच त्यांची बालपणीची ओळख. स्वभावाने सज्जन माणूस. कुणाचे वाईट चिंतायचे नाही, फक्त ते आपोआप झाले तर आपल्याला किती उरेल, एवढे मनाशी मांडून ठेवायचे.

त्सेन्झीबाईंचा पाय मुरगळला होता, म्हणून खरेदीखत वाचून दाखवणारे नोटारसाहेबच वर आले. माझ्या बाकावर बसून त्यांनी सगळा कागद मोठ्याने वाचला. एका ओळीशी ते थांबले.

“बाईंनी इथला मुक्काम कायमचा सोडला तर हक्क संपेल. कायमचा म्हणजे काय, ते फोडून लिहू या का? त्या आजारी पडल्या, नातेवाइकांकडे गेल्या, वृद्धाश्रमात...”

आत्मारामरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बायकोकडे वळून ते मराठीत पुटपुटले (अर्थ मला पुढे कळला), “म्हातारं माणूस समोर बसलंय, आणि हा तिच्या जाण्याच्या गोष्टी काय करतो! शुभकार्यात असलं अभद्र कशाला?” मग नोटारांना म्हणाले, “या, या, गेनाऊ!” म्हणजे हो, हो, बरोबर. “आहे ते ठीक आहे.”

एखाद्याच्या मरणाचा हिशेब मनात करायला माणसाला लाज वाटत नाही. तो त्याच्या तोंडावर बोलायला मात्र वाटते. ओळ तशीच मोघम राहिली.

आता सुलेखाताईंविषयी. आत्मारामरावांनी घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढल्या, आणि त्या सांभाळायला या त्यांच्या पत्नी सबंध हिवाळा वर राहू लागल्या. मला मराठी आली ती त्यांच्याकडून. बर्फाने वाट बंद झाली की त्या माझ्याशीच बोलत. माझ्या बाकावर त्या दही विरजत, सांडगे वाळवत. त्सेन्झीबाई येता-जाता एक सांडगा उचलून तोंडात टाकत आणि विचारत, “माडल, हे कुठल्या झाडाचं लाकूड?” माडल म्हणजे पोरी. सुलेखाताई त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत.

“बाई, हे लाकूड नाही, खायचं असतं.”

“मग खाण्यासारखं कर की!”

पुढच्या थंडीत वाटीभर सांडगे तळून त्सेन्झीबाईंच्या खोलीत जाऊ लागले. रिकामी वाटी परत यायची, आणि तक्रारही.

शनिवारी आत्मारामराव वर यायचे. लाकडाची रास पाहून म्हणायचे, “अगं, पाहुणे नसताना इतकं जाळायची काय गरज?”

“अहो, त्यांची खोली उबदार ठेवायचं कबूल केलंय ना आपण?”

“उबदार म्हटलंय. पुण्याचा मे महिना नाही म्हटलेला.”

सुलेखाताई हसायच्या आणि आणखी एक ओंडका आत सरकवायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वर्षे. पाहुणे फरशांवर हात ठेवून वाहवा करत. रोपवे झाला. कुरणाचा भाव वाढला. आणि त्सेन्झीबाई, कुणाचेही हिशेब न पाहता, ठणठणीत जगत राहिल्या.

१९६३ च्या शरदात मात्र त्यांना मोठे दुखणे आले. छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, या उंचीवरची थंडी यंदा झेपणार नाही.

सुलेखाताईंनी क्षणभरही विचार केला नाही. “बाई, चला. चार महिने आमच्याकडे नेकारसुल्मला. माहेरी आल्यासारखं राहा.”

“मला माहेर आठवतसुद्धा नाही, माडल.”

“मग नवीन घ्या.”

त्सेन्झीबाईंनी माझी राख काढली, दार लावले, फरशीवर दोनदा थाप मारली आणि बसमध्ये बसल्या. सुलेखाताईही सोबत गेल्या, पाहुण्यांच्या खोल्या बंद राहिल्या. घरात पहिल्यांदाच कुणी नव्हते. लाकडाची घरे थंडीत कण्हतात, हे मला त्या हिवाळ्यात कळले.

तिकडे शहरात काय झाले ते मला पुढे या बाकावरच्या भांडणातून समजले. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना सरकारी कचेरीचा एक कायमचा धाक असतो. रस्त्यावर पोलीस दिसला तर आत्मारामराव सभ्यपणे चालू लागत. घरात कुणी राहायला आले की रातहाउसात, म्हणजे नगरपालिकेत, त्याची नोंद झालीच पाहिजे, हा त्यांचा नेम. जर्मन माणूस मावशी राहायला आली म्हणून कचेरीत धावत नाही. आत्मारामराव धावले. नीट, काटेकोरपणे, त्यांनी हिंटरएगमधून त्सेन्झीबाईंचे नाव काढून घेतले आणि नेकारसुल्मला लावले. हेतू चांगला होता. मी आजही तसेच म्हणेन.

मार्चमध्ये ते एका म्युनिकच्या हॉटेलवाल्याला घेऊन वर आले. लोडरर त्याचे नाव. दोघे ओव्हरकोटासकट माझ्या थंडगार बाकावर बसले.

“घर मी घेतो,” लोडरर म्हणाला, “तुम्ही मागता त्याच भावाने. रिकामं मिळतंय म्हणून.”

“रिकामं नाही. मागची खोली फ्राऊ त्सेन्झींची आहे.”

“होती. मी गावच्या कचेरीत जाऊन आलो. त्यांनी नाव काढलंय. म्हणजे मुक्काम कायमचा सोडला, हक्क संपला.”

“छे, छे! त्या पाहुण्या म्हणून आल्यात आमच्याकडे.”

“पाहुण्यांची नावं कुणी काढतं का, डॉक्टरसाहेब? थोडक्यात, तुम्हाला काहीही करायचं नाहीये.” लोडररने हातमोजे चढवले. “खरंच काही करू नका, एवढंच.”

मनातल्या मनात हिशेब करणाऱ्या माणसाचे ओठ हलतात. आत्मारामरावांचे हलत होते.

एप्रिलच्या एका सोमवारी आत्मारामराव दोघींना घेऊन परत आले. त्सेन्झीबाईंच्या गालांवर रंग होता. कोट न काढताच त्या बोळात माझ्या तोंडाशी बसून काटक्या रचू लागल्या. इकडे दिवाणखान्यात आत्मारामरावांनी बायकोला सगळे सांगितले.

“अहो, मग नाव पुन्हा इथे लावा,” सुलेखाताई म्हणाल्या. “सोमवार आहे. कचेरी उघडी असेल, घरमालक म्हणून तुमची सही तेवढी लागेल.”

“सुलेखा, जरा ऐक. या पैशात तिकडे आपलं स्वतःचं घर होईल. तुला दर हिवाळ्यात इथे एकटीला बर्फात राहायला नको. आणि यात मी काय चूक केली सांग! कायद्यानं नोंद करायची असते, ती केली.”

“जाताना कागद चांगल्या मनानं गेला. ते मी कुणालाही सांगेन. आता तो परत आणायचा नाही म्हणताय, तेव्हा तुमचं मन कुठलं आहे?”

“त्या आपल्याकडे राहतील की!”

“त्यांना विचारलंत?”

विचारले नव्हते. सुलेखाताईंनीच बोळात जाऊन विचारले. सगळे सांगून टाकले, नवऱ्याला न झाकता. म्हणाल्या, “बाई, तुम्ही कोर्टात जा. मी साक्ष देईन.”

त्सेन्झीबाईंनी देवदाराची एक ढलपी पेटवून आत ठेवली. “चार महिने तुमच्या ताटात जेवले मी. ज्याच्या घरी जेवले त्याला कोर्टात ओढत नाहीत.”

“मग आमच्याकडे चला.”

“हा डोंगर खिडकीतून दिसला नाही, तर सकाळ झाली हे मला कळणार कसं, माडल?”

आत्मारामराव दारात उभे होते. त्यांना एक शब्द बोलता आला असता. त्यांनी घड्याळ पाहिले. कचेरी दुपारी बंद झाली.

उन्हाळ्यात घर लोडररला विकले गेले आणि त्सेन्झीबाई दरीतल्या वृद्धाश्रमात गेल्या. तिथून डोंगर अर्धा दिसे, हे मला पुढे सुलेखाताईंनीच सांगितले. तिथली ऊब लोखंडी नळीतून यायची आणि रात्री आठला कुणीतरी खालून बंद करायचे. सुलेखाताई दर महिन्याला आगगाडीने, मग बसने त्यांना भेटायला जात, डब्यात सांडगे घेऊन. पुढचा हिवाळा त्सेन्झीबाईंनी निम्माच पाहिला. वय झाले होते, असे सगळे म्हणाले. मीही तसेच म्हणते. पण कफ पुन्हा भरला तेव्हा त्यांची खोली थंड होती, तेही सांगते.

मला लोडररने पाडले नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या भिंती पाडून त्याने मोठी बैठक केली. घरभर तेलावरचे हीटर बसवले आणि माझे धुराडे विटांनी बंद केले. आता मी शोभेची. बाकावर बसू नये, अशी पाटी आहे. स्कीचे बूट घातलेली माणसे माझ्यासमोर फोटो काढतात, आणि एखादे मूल माझ्या अंगाला हात लावून चटकन मागे घेते. गार असते ना मी.

मित्रांनो, भट्टीची काळजी फार अवघड नसते. एकदम पेटवू नये, एकदम विझवू नये, रोज थोडे घालावे. आणि भिंतीपलीकडे जे माणूस तुमच्याच विस्तवावर शेकत असेल, त्याला विसरू नये. त्याच्याविषयी जे ठरवायचे, ते त्याच्या देखत, मोकळ्या तोंडाने ठरवावे. भीड धरून सोडलेली मोघम जागा पुढे कुणीतरी भरतो, आणि तो भिडस्त असेलच असे नाही.

आता जमाखर्च. लोडररला हॉटेल मिळाले, ते आजही भरलेले असते. आत्मारामरावांना नेकारसुल्ममध्ये गरम नळ्यांचे घर मिळाले. सुलेखाताईंना एकटे हिवाळे चुकले. पण त्या एकदा इथे आल्या होत्या, पाटी न जुमानता बाकावर बसल्या, आणि नवऱ्याने “चल आता” म्हटले तरी कितीतरी वेळ उठल्या नाहीत. त्यांच्याकडून या सौद्याची किंमत अजून वसूल होते आहे. आत्मारामराव बाहेर थंडीत उभे राहिले, आत आले नाहीत. थोडे त्यांनीही भरले म्हणायचे. बाकी सगळे त्सेन्झीबाईंनी चुकते केले.