धूर बसल्याशिवाय

मी तारेचा पिंजरा बोलतोय. आज मी काळाकुट्ट दिसतो, पण मुंबईच्या कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. सगळ्या तारा सरळ, दाराला पितळेची कडी, तळाला ओढून काढता येणारा पत्रा.

वामननं मला दुकानात पाहिलं आणि लगेच उचललं. जव्हारकडच्या वांगणीचा हा तरुण सहा वर्षं मुंबईत शिकला आणि जव्हार संस्थानच्या शाळेत मास्तर म्हणून परतत होता. डहाणूपर्यंत आगगाडीत, पुढे बैलगाडीत त्यानं मला मांडीवर धरलं होतं. आपल्या पाड्यांवर उजेड हवा, मोकळी हवा हवी, जुनं सगळं बदललं पाहिजे, असं तो गाडीवाल्याला सांगत होता. ऐकून मी फुलून गेलो. त्या बदलाची सुरुवात माझ्यापासून होणार, असं मला वाटलं.

घरी त्याची थोरली बहीण रुपी होती आणि तिचा पोपट ऐन्या. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे जमिनीवर फांद्या-पाला जाळायचा, म्हणून ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडल्या, तेव्हा पिल्लू असलेला तो ढोलीतून पडला आणि त्याचा एक पंख कायमचा मोडला. उघड्यावर ठेवला असता तर मांजरानं सोडला नसता, म्हणून रुपीनं त्याला बांबूच्या पिंजऱ्यात वाढवलं. भाऊ शिकायला गेल्यापासून घरात तिच्या बोलण्याला ओ देणारा तोच एक होता.

त्या पिंजऱ्याच्या कामट्या ऐन्यानं कुरतडून अर्ध्या केल्या होत्या. वामननं आल्या दिवशीच ऐन्याला माझ्यात घातलं आणि जुना पिंजरा चुलीत सारला. रुपी पाण्याला गेली होती. ती हंडा घेऊन आली तेव्हा कामट्या तडतडत होत्या.

ऐन्या माझ्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. माझ्या गुळगुळीत दांडीवरून त्याचे पाय घसरत. नागली टाकली, पेरूची फोड टाकली, तरी त्यानं चोच लावली नाही. वामन त्याला समजावत होता, की जागा दुप्पट आहे, वारा खेळता आहे, अजून काय पाहिजे? मलाही तेच विचारायचं होतं.

शेजारचा रघ्या डोकावून गेला. म्हणाला, "मास्तर, याचा गुन्हा तरी सांग. जव्हारच्या तुरुंगाला असंच गज हायत."

तिसऱ्या सकाळी ऐन्याचे डोळे मिटू लागले. चोच उघडून दाणा भरावा म्हणून वामननं हात आत घातला, तेव्हा रुपीनं त्याचं मनगट धरलं.

"नवी टोपली आणली का आपुन पयलं काय करतो रं?"

"चुलीवर टांगतो. कीड लागू नये म्हणून."

"धूर बसल्याबिगर ती घरची होत नाय. याला तुझ्या रंगाचा वास मारतोय. तो काय खाईल?"

"बाय, हे लोखंड आहे. लोखंडाला कुठली कीड?"

"मग टांगाया भ्यायचं कशाला?"

वामननं हात बाहेर काढला. रुपीनं माझी दांडी काढून टाकली, ऐनाची सालीसकट फांदी बांधली, पत्रा शेणानं सारवला आणि मला चुलीवर सुपाटोपल्यांच्या रांगेत टांगलं. दिवसभर धूर माझ्या तारांतून गेला. मी आधी पिवळा झालो, मग तपकिरी. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. खाली ऐन्या रुपीच्या मांडीवर पडून होता. तिच्या बोटावरच्या पेजेचे दोन थेंब त्यानं घेतले, तेवढेच. वामन चुलीपाशी बसून स्वतः काटक्या सारत होता.

दुसऱ्या दिवशी मला जमिनीवर ठेवलं, दार उघडं टाकून. वामन ऐन्याला उचलायला निघाला.

"ढकलू नको. त्याच्या पायानं जाऊ दे."

ऐन्या अर्ध्यावर आला आणि परत फिरला. मग माझ्या पाठीवर चढला, एक तार चावून पाहिली, सोडून दिली. ऊन अंगणातून सरकलं तरी दोघं भावंडं तशीच बसून होती. शेवटी तो आत शिरला. फांदीवर चढून तिची साल सोलू लागला. बऱ्याच वेळानं त्यानं नागलीचा एक दाणा फोडला, मग दुसरा.

"बाय, तुला विचारायला पाहिजे होतं," वामन हळूच म्हणाला.

"मला कशाला? ज्याला त्यात ऱ्हायचाय त्याला इचार."

त्याला बरीच वर्षं झाली. माझी पितळी कडी कधीच पडली, आणि दिवसा माझं दार उघडंच असतं. ऐन्या बाहेर येतो, ओटीवर फिरतो, आपणहून परत येतो. तो आत आला की माझ्या सगळ्या तारा थरथरतात, आणि ते मला आवडतं.

दूरवरून चांगलं काही घेऊन घरी येणाऱ्यांनो, जरूर आणा. मीही तसाच आलो होतो. पण आल्या आल्या जुनं चुलीत घालू नका. आधी त्या घराचा थोडा धूर अंगावर घ्या. मग दार उघडून ठेवा, आणि थांबा.